रिपोर्टइतकीच औषधांची पिशवीही बघ
वॉर्डात नवीन आहेस म्हणून सांगते. स्टेंट घातलेल्या रुग्णाचा सीवायपी2सी19 जनुकाचा रिपोर्ट आला की तेवढ्यावर थांबू नकोस. गुठळी होऊ नये म्हणून दिलेलं क्लोपिडोग्रेल या जनुकापासून यकृतात बनणाऱ्या एन्झाइममुळे कामाला लागतं. जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तर गोळी घेऊनही गुठळीचा धोका राहतो. मग डॉक्टरांना त्याऐवजी प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलोर सुचव. प्रासुग्रेलआधी पक्षाघात होऊन गेलाय का, हे मात्र विचारच.

रिपोर्ट नॉर्मल असला तरी घरची औषधांची पिशवी मागव. एका आजोबांच्या पिशवीत, बीपीच्या गोळ्यांखाली, ओमेप्राझोलची अर्धी पट्टी निघाली. ॲसिडिटीसाठी ते स्वतःच घेत होते, केसपेपरवर नोंदच नव्हती! ओमेप्राझोल हेच एन्झाइम दाबतं. डॉक्टरांशी बोलून त्याजागी पँटोप्राझोल सुरू करून घेतलं.