जुना डेस्कटॉप आणि सायकल विकून लॅपटॉप आणि ई-स्कूटर घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिस घरापासून सात किलोमीटरवर आहे, डेस्कटॉप दहा वर्षांचा झालाय, बिनगिअरची सायकल जिन्याखाली उभी आहे आणि घरातले म्हणतायत, "काढा ते भंगार आता." स्कूटर घ्यायची तर खुशाल घ्या, पण या दोन वस्तू विकू नका. विकून मिळणार तरी किती? भंगारवाला दोन्हींचे मिळून जे देईल त्यात लॅपटॉपची धड बॅगसुद्धा येणार नाही.

मी पुण्यात मुद्रितशोधन करतो. घरी डेस्कटॉप, कामाला जायला सायकल. लोक मला पर्यावरणवाला समजतात, घरचे कंजूष समजतात. कंजूषपणाचा आरोप मला थोडाफार मान्य आहे. पण मुख्य कारण वेगळं आहे: या दोन वस्तू बिघडल्या की नेमकं काय बिघडलंय ते शोधता येतं, आणि दुरुस्त करणारा चालत जाण्याच्या अंतरावर भेटतो.

एक उदाहरण देतो. मागे एकदा कॉम्प्युटर सुरू केला तर प्रत्येक वेबसाइट "सुरक्षित नाही" म्हणून अडून बसली. ईमेल नाही, बँक नाही, काही उघडेना. शेजारच्या मुलाने व्हायरसचं निदान करून टाकलं, वर नवीन लॅपटॉपची दोन मॉडेलंही सुचवली. मी खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं, तर तिथे कित्येक वर्षांपूर्वीची 1 जानेवारी! मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य सर्किटवर, नाण्याएवढी एक चपटी बॅटरी असते, सीआर 2032. ती संपली की मेन स्विच बंद केल्यावर मशीन तारीख विसरतं. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असते. कॉम्प्युटरच्या हिशेबाने ती मुदत अजून सुरूच झालेली नव्हती, म्हणून ब्राउझर दार उघडेना. हीच बॅटरी गाड्यांच्या चावीतसुद्धा असते, त्यामुळे कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळते. स्क्रू काढा, जुनी उचकटा, नवी बसवा, तारीख नीट करा. झालं.

कॉम्प्युटर चालू होतोय पण स्क्रीनवर काही येत नाही, नुसती पीं पीं वाजतेय, हाही असाच एक नेहमीचा आजार. रॅमची, म्हणजे चालू कामाच्या मेमरीची, पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवर शाळेतलं खोडरबर हलकेच घासायचं, कण झटकायचे आणि परत खटकन बसवायची. आपल्याकडच्या दमट हवेत हा उपाय किती मशीनांना जीवदान देऊन गेला असेल कोण जाणे. आता बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाखलेली असते. तिथे खोडरबर काय करणार?

ॲपल कंपनीचा स्टीव्ह जॉब्ज कॉम्प्युटरला मनाची सायकल म्हणायचा. त्याच्या बोलण्यामागे सायंटिफिक अमेरिकनच्या मार्च 1973 च्या अंकातला एक लेख होता. वजन आणि अंतर यांच्या हिशेबात कोण किती ऊर्जा खर्च करतं याची त्यात तुलना होती, आणि सायकलवरचा माणूस सगळ्या प्राण्यांच्या आणि यंत्रांच्या पुढे होता. उपमा झकास आहे, पण अर्धीच घेतलेली. सायकल एका पान्याने जवळजवळ सगळी उघडते. जॉब्जच्याच कंपनीच्या आजच्या लॅपटॉपमध्ये मेमरी नंतर वाढवता येत नाही.

आता तुमच्या डेस्कटॉपबद्दल. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित पाठिंबा थांबवला. मुदतवाढीची सोय आहे, पण तात्पुरती. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. म्हणजे दहा वर्षांचं धडधाकट मशीन कागदोपत्री बाद. हे मला मनापासून खटकतं. त्याच्यात आठ जीबी रॅम करा, जुनी हार्ड डिस्क बाजूला ठेवून एसएसडी ही वेगवान डिस्क बसवा आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाका. पत्रं, हिशेब, ब्राउझर, व्हिडिओ कॉल सगळं सुरळीत चालेल. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डने टाइप करत असाल तर तीही सोय आहे, फक्त सुरुवातीला सेटिंगमध्ये थोडी खटपट करावी लागते. पण डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल किंवा डीटीपी करत असाल तर जरा थांबा, त्या सॉफ्टवेअरांचं लिनक्सशी फारसं जमत नाही. लिनक्सवाले मित्र हे कबूल करणार नाहीत.

जुनं मशीन टाकू नका म्हणतो त्याला आमच्या धंद्यातलंही एक कारण आहे. सगळ्या कॉम्प्युटरवर एकसारखी अक्षरं दाखवणारी युनिकोड पद्धत रुळायच्या आधीचा मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टांत टाइप झालेला आहे. आजच्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिखल दिसतो. कन्व्हर्टर मिळतात, पण रूपांतरात रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि जोडाक्षरं फुटतात. मग ओळन् ओळ तपासत बसा. घरात कुणाच्या आठवणी, कुळाचा इतिहास, गृहनिर्माण संस्थेचे जुने ठराव अशा फाइली असतील तर मूळ सॉफ्टवेअर असलेलं मशीन चालू आहे तोवर त्यांच्या पीडीएफ करून घ्या.

डेस्कटॉपच्या विरुद्धही बोलायला हवं. तो लॅपटॉपपेक्षा जास्त वीज खातो. वीज गेली की यूपीएस किंचाळायला लागतो, आणि त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते. फिरतीचं काम असेल तर लॅपटॉपला पर्याय नाही.

सायकलीचं म्हणाल तर पुणे हे एके काळी सायकलींचं शहर. मग स्कूटर आल्या, मोटारसायकली आल्या आणि सायकल दूधवाल्या-पेपरवाल्यांपुरती उरली. 2008 च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धांच्या सुमारास सायकल ट्रॅक झाले, 2017 मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला. आज त्या ट्रॅकवर कुठे विजेचा डीपी असतो, कुठे वडापावची गाडी, कुठे लावलेली मोटार, आणि मधूनच ट्रॅक काही न सांगता संपतो. तेव्हा मी रस्त्यानेच जातो, डाव्या कडेने, गल्ल्या धरून. कोंडीत उतरायचं आणि सायकल हातात धरून पुढे चालायला लागायचं, ही चैन दुसऱ्या कुठल्या वाहनात नाही.

तिचे बिघाडही माणसासारखे वागतात, आधी सांगून येतात. पायडल मारताना दर फेरीला कट् असा आवाज आला की पायडलचा दांडा पक्का धरणारी कॉटर पिन ढिली झालीय. चाक ब्रेकला एकाच जागी घासतंय म्हणजे चाकात आउट, म्हणजे वाकडेपणा, आलाय, तो तारा आवळून काढता येतो. रोज हवा कमी होतेय आणि घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवली तर बुडबुडा नाही, तर वॉल ट्यूब बदला. ती बारीक रबरी नळी एक-दोन रुपयांची, पण पंक्चर समजून माणसं अख्खी ट्यूब बदलून घेतात.

रविवारी सिंहगडाकडे महागड्या सायकली पळवणाऱ्यांशी माझं भांडण नाही. मात्र त्यांचं बघून हेल्मेट सोडून बाकी काही घेऊ नका. चाळीस मिनिटांच्या ऑफिसला जाण्यासाठी मडगार्ड, घंटी, मागे कॅरिअर आणि लाल दिवा एवढं पुरे. ऑफिसात शर्ट बदलायची सोय आहे का ते आधी बघा. वाटेत मोठा उड्डाणपूल किंवा महामार्ग असेल तर सायकलीचा हट्ट नको, तिथे स्कूटरच बरी. सायकल अगदी रोज नेलीच पाहिजे असंही नाही.

आधुनिक जगण्याबद्दलही तुम्ही विचारलंय. यूपीआय मी दिवसभर वापरतो, पंक्चरवाल्यालाही त्यानेच पैसे देतो. पण सोसायटीच्या गेटपासून दुधापर्यंत प्रत्येक गोष्टीला वेगळं ॲप, आणि ते चालायला दर काही वर्षांनी नवा फोन, याला सोय म्हणणं मला जड जातं. फोन बिघडला की दुकानदार सरळ सांगतो, "यापेक्षा नवीन घ्या." सायकलवाल्याने मला असं आजवर सांगितलेलं नाही.

तरीही विकायचंच ठरलं तर सायकल भंगारात न देता कॉलेजच्या एखाद्या मुलाला द्या. आणि डेस्कटॉप देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या. नुसत्या फाइली डिलीट करून माहिती पुसली जात नाही, आणि त्या डिस्कवर घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं स्कॅन करून ठेवलेली असतात.