एसआर-२२ म्हणजे वेगळा इन्शुरन्स नाही

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. मुलाला पहिल्यांदाच डीयूआय झाला, दारू पिऊन गाडी चालवताना पकडला, लायसन्स सस्पेंड आहे आणि ते परत मिळवायचं तर डीएमव्हीला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याला, एसआर-२२ हवंय. त्याने गाडी विकून टाकली, राहतो आमच्याकडेच, पुढे कधीमधी माझी गाडी नेईल. स्वतःची गाडीच नाही तर इन्शुरन्स कशाचा काढायचा? आणि न्यूयॉर्कला जॉब लागला तर यातून सुटका होते का? मित्र म्हणतो तिकडे एसआर-२२ नसतंच. हे कुणाला विचारायचीही लाज वाटते. - एक आई

उत्तर: ताई, लाज सोडा, विचारलंत ते फार बरं केलंत. एसआर-२२ हा वेगळा इन्शुरन्स नाही, तो एक फॉर्म आहे. या माणसाकडे कायद्याला लागतं तेवढं लायबिलिटी कव्हर (आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा) आहे असं इन्शुरन्स कंपनी डीएमव्हीला कळवते. तुम्ही स्वतः भरून द्यायचा नाही, आणि पाकिटातलं इन्शुरन्स कार्डही इथे चालत नाही. फॉर्मची फी किरकोळ असते, खरा फटका प्रीमियमला बसतो, कारण कॅलिफोर्नियात डीयूआयनंतर गुड ड्रायव्हर डिस्काउंट १० वर्षं मिळत नाही. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून इथली या कव्हरची किमान मर्यादाही वाढलीय, एका जखमी माणसासाठी ३० हजार डॉलर, सगळे जखमी मिळून ६० हजार आणि मालमत्तेच्या नुकसानीला १५ हजार.

गाडी नसणाऱ्यांसाठी नॉन-ओनर पॉलिसी असते, त्यावरही एसआर-२२ फाइल होतं. पण तुमच्या बाबतीत मला तीच काळजी वाटते, कारण घरातलीच, नेहमी हाताशी असलेली गाडी त्या पॉलिसीत सहसा कव्हर होत नाही. त्यामुळे तो तुमची गाडी चालवणार असेल तर तुमच्या कंपनीला खरं सांगा आणि त्याला तुमच्या पॉलिसीवर घ्या. प्रीमियम वाढेल, पण तसं न करता पॉलिसीत त्याला 'एक्स्क्लुडेड ड्रायव्हर', म्हणजे कव्हरमधून वगळलेला, ठेवलं आणि त्याने कुणाला धडक दिली तर कंपनी क्लेम नाकारेल आणि सगळं तुमच्या घरावर येईल. काही कंपन्या एसआर-२२ फाइल करतच नाहीत, तेव्हा आधी फोन करून विचारा.

कॅलिफोर्नियात हे साधारण ३ वर्षं चालू ठेवावं लागतं, आणि माझं कळकळीचं सांगणं एवढंच की मध्ये एक दिवसही खंड पडू देऊ नका. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं क्रेडिट कार्ड एक्स्पायर झालं, ऑटोपे फेल गेला, ईमेल स्पॅममध्ये पडून राहिला, पॉलिसी कॅन्सल झाली आणि कंपनीने नियमाप्रमाणे डीएमव्हीला कळवलं, त्याला एसआर-२६ म्हणतात. लायसन्स परत सस्पेंड, आणि त्याला पत्ताच नाही, तो रोज गाडी घेऊन ऑफिसला जात होता!

न्यूयॉर्कचं म्हणाल तर मित्राचं अर्धं बरोबर आहे. ते राज्य स्वतः एसआर-२२ मागत नाही, पण ही अट कॅलिफोर्नियाची आहे आणि घर बदललं म्हणून ती आपोआप जात नाही, शिवाय राज्यं लायसन्स देताना नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर, म्हणजे लायसन्स सस्पेंड वगैरे झालेल्यांची देशभराची नोंद, बघतात. म्हणून जॉब लागला तरी कॅलिफोर्निया डीएमव्हीकडून लेखी उत्तर हातात पडेपर्यंत पॉलिसी बंद करू नका, आणि ३ वर्षं नक्की कुठल्या तारखेपासून मोजतायत तेही त्यांच्याकडूनच लिहून घ्या.