फिटनेसवर मोठमोठ्या साइट्स आधीच लिहीत असताना छोट्या ब्लॉगने नेमका कोणता कोपरा धरावा?

तुमची अडचण मला समजली ती अशी: व्यायामावर तुम्ही नेमाने लिहिता, लेख मेहनतीने करता, पण ‘वजन कसं कमी करावं’ किंवा ‘घरच्या घरी व्यायाम’ असं शोधलं की वरचे सगळे निकाल मोठ्या साइट्सचे असतात आणि तुमचा लेख कुठेच दिसत नाही. त्यामुळे योगा घ्यावा, स्ट्रेंथ ट्रेनिंग घ्यावं की रनिंग, असं तुम्ही विचारताय.

मी स्वतः बरीच वर्षं व्यायामावर लिहितोय, मुख्यतः साठीच्या पुढच्या लोकांसाठी. माझ्या मते हे तिन्ही पर्याय बाजूला ठेवा आणि आधी वाचक ठरवा. कोणासाठी लिहायचं आणि त्या माणसाचं घोडं नेमकं कुठे अडतंय, हे पक्कं झालं की विषय आपोआप ठरतो.

‘काउच टू फाइव्ह के’ हा न धावणाऱ्याला पाच किलोमीटर धावण्यापर्यंत नेणारा कार्यक्रम घ्या. जॉश क्लार्क यांनी तो 1996 मध्ये तयार केला, तेव्हा धावण्यावरच्या लिखाणाची काही वानवा नव्हती. पण ते बहुतेक सगळं आधीपासून धावणाऱ्यांसाठी होतं. क्लार्क यांच्या डोळ्यांसमोर त्यांची पन्नाशीतली आई होती, म्हणजे अजिबात न धावणारी व्यक्ती. म्हणून पहिल्या आठवड्याचा पाठ एवढाच: पाच मिनिटं भरभर चालायचं, मग 60 सेकंद हळू धावायचं आणि 90 सेकंद चालायचं, असं आलटून पालटून वीस मिनिटं. आठवड्यातून तीन दिवस. नऊ आठवड्यांचा हा आराखडा पुढे ब्रिटनच्या एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनेही उचलला. विषय तोच, जुनाच. बदलला तो वाचक.

आता हेच जरा जवळून दाखवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत 65 वर्षांपुढच्यांसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम सांगितले आहेत. हे वाक्य मोठ्या साइट्सवर ढिगाने सापडेल, त्याखाली ‘स्क्वॅट्स, 12 चे 3 सेट’ असंही असेल. पण ज्या बाईंना हाताचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठता येत नाही, त्यांनी त्या ओळीचं काय करायचं?

त्यांच्यासाठी लिहायला बसलात की लेख वेगळाच होतो. खुर्ची भिंतीला टेकवा, म्हणजे मागे सरकणार नाही. बैठक खोल असेल तर वर घट्ट उशी ठेवा. बैठक उंच झाली की गुडघा कमी वाकतो आणि उठताना त्यावर जोर कमी येतो. खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरका. पावलं किंचित मागे घ्या, धड पुढे झुकवा, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की मग उठा. नुसता पाठीचा ताठपणा धरून उठायला गेलात तर कितीही जोर लावा, उठवत नाही. सुरुवातीला दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवा, काही दिवसांनी एकच हात, मग आधाराशिवाय. बसताना धपकन बसू नका, कारण खाली येतानाही तेच स्नायू काम करत असतात आणि ताकद तिथेही वाढते. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा रोजच्यापेक्षा जास्त दुखला तर उशी आणखी उंच करा किंवा कमी वेळा उठा-बसा. हे सगळं जमायला लागलं की मग उशी पातळ करायची.

एवढ्या एका हालचालीवर तीन-चार लेख सहज होतात: उठताना तोल जात असेल तर काय, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे, जमिनीवरून उठायचं असेल तर काय. मोठी साइट हे सहसा लिहिणार नाही. तिला लाखोंनी वाचक हवेत, म्हणून ती सरासरी माणसासाठी लिहिते. तुम्हाला ते बंधन नाही, आणि तुमची सगळ्यात मोठी ताकद मला तरी हीच वाटते.

दुसरा एक मार्ग आहे, एकाच विषयात खोलवर जाण्याचा. रे मेकर हे ‘डीसी रेनमेकर’ नावाने 2007 पासून धावण्या-सायकलिंगच्या घड्याळांवर आणि सेन्सरवर लिहितात. एकाच व्यायामात अनेक उपकरणं अंगावर चढवायची आणि हृदयगतीचे आलेख एकमेकांवर ठेवून कोणतं कुठे चुकलं ते दाखवायचं, हा त्यांचा खाक्या. इतकी चिकाटी असेल तर हाही रस्ता मोकळा आहे, पण त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जास्त जातात. नव्या माणसाला मी पहिलाच मार्ग सुचवेन.

वाचक कसा सापडेल? गूगलच्या शोधचौकटीत ‘गुडघा दुखत असताना…’, ‘रात्रपाळी करून…’, ‘बाळंतपणानंतर धावणं…’ असं अर्धवट लिहा आणि खाली काय सुचवलं जातं ते बघा. मग तो प्रश्न पूर्ण शोधा. वरच्या निकालांत प्रश्नाला थेट उत्तर देणारा लेख नसेल, लोक इकडेतिकडे चर्चेत एकमेकांनाच विचारत असतील, तर तिथे जागा आहे. तुमचा ब्लॉग गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ला (लोक काय शोधून आपल्या साइटवर आले ते दाखवणारं साधन) जोडलेला असेल तर कोणत्या शब्दांवरून लोक आले तेही तपासा. अनेकदा जो लेख आपण सहज लिहून टाकलेला असतो, त्याच्यावरच नेमका प्रश्न घेऊन माणसं येत असतात.

कोपरा फार अरुंद तर होत नाही ना, ही भीती रास्त आहे. एका बैठकीत त्या वाचकाचे तीसेक खरे प्रश्न लिहून काढा. दहा-बारावरच गाडी अडली तर एकतर कोपरा लहान आहे, किंवा त्या माणसाशी तुमची ओळख कमी आहे. दुसरी शक्यता जास्त. अशा वेळी त्या गटातल्या चार जणांशी निवांत बोला, यादी वाढते.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. आरोग्याचा मजकूर गूगल जास्त काटेकोरपणे तपासतं, आणि डिसेंबर 2022 पासून त्यांच्या गुणवत्तेच्या निकषांत लेखकाचा प्रत्यक्ष अनुभवही धरला जातो. पण गूगल नसतं तरी हेच म्हटलं असतं: ज्या आजाराचं शिक्षण किंवा अनुभव आपल्याकडे नाही, त्याच्या रुग्णांना व्यायाम सांगू नका. मधुमेहींसाठी लिहायचंच असेल तर एखाद्या फिजिओथेरपिस्टला किंवा डॉक्टरला लेख दाखवा आणि त्यांचं नाव, पात्रता लेखात द्या. तुम्ही स्वतः रात्रपाळी करत व्यायाम सांभाळलाय, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांचा व्यायाम रोज घेताय, तर तो कोपरा तुमचा. ते स्पष्ट लिहा, झोपेच्या कोणत्या वेळा जमल्या आणि कोणत्या नाही यासकट.

जुन्या सर्वसाधारण लेखांचं काय करायचं, तर ते पुसू नका. त्यातले दोन-तीन निवडा, ठरवलेल्या वाचकासाठी नव्याने लिहा आणि पुढचे काही महिने फक्त त्याच माणसासाठी लिहा. तुमच्या डोक्यात असा कोणी वाचक आधीच असेल तर खाली कळवा, त्याच्या प्रश्नांची यादी आपण मिळून करू.