घर कोणाच्या ऑफिसजवळ?

प्रश्न : ताई, आम्ही दोघंही नोकरी करतो. मी फोर्टला बँकेत, नवरा ऐरोलीत आयटी कंपनीत. मुलगी तीन वर्षांची आहे. सध्या कळव्यात भाड्याने राहतो, पण आता स्वतःचं घर घ्यायचंय. घोडबंदर रोडला कासारवडवलीत प्रशस्त टू बीएचके बजेटमध्ये बसतोय. तेवढ्याच पैशांत ठाणे स्टेशनजवळ नौपाड्यात जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत वन बीएचके मिळतोय. नवरा म्हणतो, ऐरोलीतच घेऊ, एकाची तरी दगदग वाचेल. तू नवी मुंबईतल्या शाखेत बदली मागून घे. सासूबाई नेरूळला असतात. काय करावं?
– एक वाचक, कळवा

उत्तर : तुला एकेरीच लिहिते, माझी लेक तुझ्याच वयाची आहे. पत्र दोनदा वाचलं. लिफ्टपासून बजेटपर्यंत सगळं लिहिलंस, पण मुलीला संध्याकाळी पाळणाघरातून कोण आणतं, ते कुठेच नाही. म्हणजे तूच आणत असणार.

१९९८ साली आम्ही ठाण्यातल्या, चरईतल्या दोन खोल्या सोडून कोपरखैरण्याला सिडकोच्या घरात गेलो. ह्यांची कंपनी ठाणे-बेलापूर रोडवर, शिफ्ट ड्युटी. घर त्यांना जवळ पडावं हे सगळ्यांनाच पटलं, मलाही. माझं ऑफिस फोर्टात. ठाणे-वाशी प्रवासी लोकल सुरू झाली २००४ साली, त्यामुळे तेव्हा बसने वाशी गाठायची आणि तिथून हार्बरने व्हीटी. ठाण्याला असताना एकदा गाडीत शिरलं की थेट व्हीटीलाच उतरायचं. इथे बस चुकली की गाडी चुकली, गाडी चुकली की लेट मार्क.

संध्याकाळी वाशीच्या बसथांब्यावर रांगेत असतानाच पाळणाघराची वेळ संपायची. तिथल्या काकू एका शब्दाने बोलायच्या नाहीत. लेकीला बूट घालून, दप्तर पाठीला अडकवून दाराशी लाकडी स्टुलावर बसवून ठेवायच्या, बस्स. पाय जमिनीला टेकायचे नाहीत तिचे.

दुसऱ्या वर्षी मला ऑफिसरची बढती आली. बढती म्हणजे बदली, आणि ऑफिसातून निघायची वेळ आपल्या हातात नाही. मी लेखी नकार दिला. 'माझं मीच ठरवलं' असं सगळ्यांना सांगत राहिले. ह्यांनी कधी 'नको घेऊस' म्हटलं नव्हतं, हेही खरंच. पण चरईत राहत असते तर तो कागद मी लिहिला नसता.

म्हणून 'ऐरोलीत घर आणि तुझी बदली' हे माझ्या गळी उतरत नाही. 'एकाची तरी' दगदग वाचेल म्हणतो, तो एक कोण? बदली मागायला एक अर्ज पुरतो. परत फोर्टात यायचं म्हटलं की मग कळतं. आणि घर घेऊन बसलात नि बदली मिळालीच नाही, तर रोज ठाण्याला नाहीतर वाशीला गाडी बदलायची तुलाच.

घोडबंदरच्या घराचा हॉल मोठा असेल, बाल्कनीतून डोंगरही दिसत असेल. तिथून ठाणे स्टेशन साधारण दहा किलोमीटर, पण किलोमीटर मोजूच नकोस. एखाद्या मंगळवारी सकाळी आठला त्या इमारतीच्या गेटापासून निघ आणि बँकेच्या दारात पोचेपर्यंतची वेळ लिहून ठेव. रिक्षासाठी उभं राहणं, ट्रेलरच्या मागे रांगणं, पुलाचे जिने, सगळं धरून. संध्याकाळी तसंच उलट. पावसाळ्यात एकदा केलंस तर फारच उत्तम. बिल्डरचा माणूस मेट्रो दाखवेल. मेट्रो ४ हा मार्ग वडाळा ते कासारवडवली असा आहे. फोर्टसाठी तुला मध्ये गाडी बदलावीच लागेल.

माझा कौल नौपाड्याला. स्टेशनला चालत जाशील, फास्ट गाडी मिळेल. नवऱ्याला ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने दिघा गाव आणि मग ऐरोली, दोनच स्टेशनं. गर्दी त्यालाही चुकत नाही, पण दहा-बारा मिनिटांची. सासूबाईंकडे जायला ठाण्याहून नेरूळची थेट लोकल आहे; कधी मुलीला तिथे ठेवायची वेळ आली तर गाडी बदलायला नको.

मात्र लगेच विकत घेऊ नकोस. सामानाच्या पिशव्या आणि झोपलेली पोर घेऊन तिसरा मजला चढणं काय असतं ते आधी चढून बघ. (तिसरा मी आपला अंदाजाने म्हटला, जुन्या इमारतींत विकायला निघालेली जागा नेहमी तिसऱ्यावरच का असते कोण जाणे.) पुनर्विकासाचं काय चाललंय ते सोसायटीत विचार. घर घेतल्या घेतल्या इमारत पाडायला निघाली, तर ती उभी राहीपर्यंत पुन्हा भाड्याची जागा शोधत हिंडायचं. जुन्या इमारतीवरच्या कर्जाचं तर तू बँकेतली, मी काय सांगू! त्यापेक्षा त्याच गल्लीत अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा. एक पावसाळा काढा, मग बोला.

आणि नव्या पाळणाघराचा फॉर्म भरताना 'तातडीचा संपर्क' या रकान्यात पहिला नंबर नवऱ्याचा लिही, तुझा दुसरा. मुलीला ताप आला असा फोन गेला, तर ऐरोलीहून तो अर्ध्या-पाऊण तासात दारात असेल. तेवढ्यात तुझी गाडी जेमतेम घाटकोपरला आलेली असेल.