पर्यावरणासाठी पॅड आणि गर्भनिरोधक गोळ्या सोडायलाच हव्यात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पाळीचा कप (योनीत बसवून रक्त साठवणारी, पुन्हा वापरता येणारी लहान वाटी) घालताना दुखते, भाड्याच्या खोलीत कापडी घड्या धुऊन उन्हात वाळवायला जागा नाही, म्हणून तुम्ही पॅड वापरता, आणि पाळीतल्या तीव्र वेदनांसाठी व गर्भनिरोधासाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेता. मैत्रिणींच्या मते दोन्ही गोष्टी निसर्गाला घातक आहेत, तेव्हा त्या सोडाव्यात का? माझे उत्तर असे की, या कारणासाठी दोन्हींपैकी काहीही सोडू नका. मी पुण्यातील शाळा-महाविद्यालयांत पाळीविषयी सत्रे घेते. तिथे हा प्रश्न आता वारंवार येतो, आणि तो विचारताना मुलींना अपराधी वाटत असते याचे मला मनापासून वाईट वाटते. पूर्वी पाळीत शिवाशिवीचा धाक होता. त्यातून सुटलेल्या मुलींवर आता पृथ्वीच्या नावाने नवा धाक बसू नये.

कचऱ्याचा प्रश्न खरा आहे, तो मी नाकारत नाही. बाजारातल्या बहुतेक पॅडचा खालचा थर प्लास्टिकचा असतो, आत द्रव शोषून धरणारे कृत्रिम बहुवारिक (पॉलिमर) असते, आणि ते कुजत नाही. याची सर्वांत मोठी झळ कचरावेचकांना बसते, आणि पुण्यात त्यांतही बहुसंख्य स्त्रियाच आहेत. पण त्यांनी बोट कोणाकडे दाखवले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. २०१३ मध्ये पुण्यातील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने वापरलेल्या पॅडच्या पिशव्या थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवल्या. ज्यांनी वस्तू बनवली आणि नफा कमावला, त्यांनी तिच्या विल्हेवाटीचा भार उचलावा, अशी त्यांची मागणी होती. पुढे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत प्रत्येक पाकिटासोबत विल्हेवाटीसाठी पिशवी किंवा वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली. तुम्ही घेता त्या पाकिटात तशी पिशवी निघते का, ते अवश्य पाहा. निघत नसेल तर जाब विचारायचा तो कंपनीला आणि महापालिकेला. तुमच्याकडून अपेक्षा एवढीच की, पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा आणि ते ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळे द्यावे, म्हणजे कोणाला ते हाताने उघडून पाहावे लागणार नाही.

कप हे चांगले साधन आहे. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला आणि त्यात कप सुरक्षित व पुरेसा परिणामकारक आढळला. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातील कुंबळंगी ही ग्रामपंचायत तर २०२२ मध्ये ‘सॅनिटरी नॅपकिनमुक्त’ म्हणून जाहीर झाली. कप मोफत देणे आणि शिकवणे स्वागतार्हच आहे. मला खटकते ते ‘मुक्त’ हे बिरुद, कारण त्या गावात पॅड वापरावेसे वाटणाऱ्या बाईने मग काय करायचे? शिवाय कपला उकळते पाणी, आडोसा आणि हात धुण्याची सोय लागते. बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्या बाया महिनोन्‌महिने उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. काम बुडाले की खाडा म्हणून दंड भरावा लागतो. पाळीची कटकट नको म्हणून त्यांच्यातील कित्येकींनी ऐन तारुण्यात गर्भाशय काढून टाकल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीचा ‘हरित’ पर्याय सुचवताना या बाया डोळ्यांसमोर नसतील, तर तो सल्ला फक्त स्वतंत्र न्हाणीघर असलेल्यांसाठीच उरतो. (आणि एक सावधगिरी: गर्भाशयात तांबी (कॉपर-टी) बसवलेली असेल तर कप काढताना आधी बाजूने दाबून त्याची ओढ सोडवावी लागते, नाहीतर तांबी निसटू शकते. दोन्ही ‘निसर्गस्नेही’ म्हणून एकत्र सुचवणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसते, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.)

आता गोळ्यांविषयी. त्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेन हे संप्रेरक मूत्रावाटे सांडपाण्यात जाते हे खरे आहे, आणि कॅनडातील एका प्रायोगिक तलावात ते मुद्दाम सोडल्यावर तिथल्या छोट्या माशांची संख्या कोसळली, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून दिसले. मात्र २०११ च्या एका आढाव्यानुसार पिण्याच्या पाण्यातील एकूण इस्ट्रोजेनमध्ये गोळ्यांचा वाटा अगदी अल्प आहे. गुरांच्या मलमूत्राचा वाटा त्याहून कितीतरी मोठा आहे. माशांना वाचवायचे तर सांडपाणी नीट शुद्ध करायला हवे, आणि ते काम नगरपालिकांचे आहे. गिधाडांचे उदाहरण घ्या. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे, मेलेली गुरे खाऊन, ती मरतात हे सिद्ध झाल्यावर २००६ मध्ये पशुवैद्यकातील त्या औषधावर बंदी आली, आणि माणसांच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जातात हे दिसल्यावर २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरची करण्यात आली. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना कोणी गिधाडांची शपथ घातली नाही. मग ओटीपोटातील वेदनांनी कळवळणाऱ्या मुलीलाच माशांची शपथ का?

गर्भनिरोधाचा भार आधीच कोणावर आहे, तेही पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती; पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते. संप्रेरके नको, प्लास्टिक नको, अशी यादी घेऊन कोणी तुमच्याकडे आले, तर घरातल्या पुरुषांशी निरोध आणि नसबंदी या विषयांवर बोलणे झाले आहे का, असे त्यांना जरूर विचारा. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हाही स्त्रीचे आरोग्य आणि तिची इच्छा हाच त्यांच्या विचाराचा पाया होता.

तुमच्या गोळ्या वेदनांसाठीही आहेत, त्यामुळे त्या परस्पर बंद करू नका. डोकेदुखी, रक्तदाब किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा कौटुंबिक इतिहास असेल, तर तो डॉक्टरांना सांगून गोळी बदलण्याचा विचार करता येईल. कप घालताना दुखते हेही त्याच भेटीत सांगा, कारण त्यामागे उपचार करण्याजोगे कारण असू शकते.