देव 'व्यक्ती' आहे म्हणजे काय? नव्याने वाचणाऱ्यांसाठी

ख्रिस्ती विचारातला हा प्रश्न समजून घेताना त्रैक्यापासून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीपासून) सुरुवात करू नका, एवढं एक ऐकाच. 325 सालची निकिया परिषद (ख्रिस्ती धर्मगुरूंची सभा) आणि तिथले वाद पुढे आहेतच. आत्ता शिरलात तर शब्दांतच अडकाल.

आधी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा तिसरा अध्याय सावकाश वाचा. जळत्या झुडपातून देव मोशेला (पुढे इस्राएली लोकांचा नेता झाला तो) नावाने हाक मारतो, तीही दोनदा. मग सांगतो, माझ्या लोकांचं दुःख मी पाहिलं, आक्रोश ऐकला, म्हणून उतरलो. पुढे स्वतःचं नावही सांगतो. 'व्यक्ती' म्हणजे काय ते मला तरी इथेच उमगलं. त्यानंतर मार्कच्या शुभवर्तमानातलं 14:36 (अध्याय 14, वचन 36) घ्या. मरणाच्या आदल्या रात्री येशू 'अब्बा' म्हणतो; अरामी भाषेत बापाला अशी हाक मारत.

नवखे हमखास चुकतात ते असे:

- व्यक्ती म्हणजे देहधारी माणूस समजतात. इथे अर्थ आहे जाणणारा, इच्छिणारा, प्रेम करणारा.
- लगेच सगुण-निर्गुणाच्या चौकटीत बसवतात. ओळखीचं वाटतं खरं, पण मूळ प्रश्न निसटतो.
- नातं फक्त 'माझं आणि देवाचं' मानतात. सीनाय डोंगरावरचा देवाचा करार सबंध इस्राएली लोकांशी झाला होता.

रोज बायबलमधलं 139 वं स्तोत्र मोठ्याने वाचा. 'तू' येईल तिथे पेन्सिलीने खूण करत जा.