ए-लेव्हलच्या जीवशास्त्राकडून काय अपेक्षा ठेवावी?

महाराष्ट्रात दहावी करून इंग्लंडमध्ये सिक्स्थ फॉर्मला (शालेय शिक्षणाच्या शेवटच्या दोन वर्षांना) जाणाऱ्या आपल्या मुलीला ए-लेव्हलचे, म्हणजे त्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे, जीवशास्त्र झेपेल का आणि पाठांतर कितपत करावे लागेल, असे आपण विचारले आहे. मी येथे हा विषय शिकवतो. पाठांतर भरपूर आहे, परंतु केवळ त्याच्या बळावर गुण मिळत नाहीत, आणि बहुतेक मुले सुरुवातीला अडखळतात ती याच ठिकाणी.

तापमान फार वाढल्यावर एन्झाइमचे काम का मंदावते, हा प्रश्न घ्या. 'एन्झाइम मरते' असे लिहिल्यास गुण मिळत नाही (ते सजीव नसतेच). हायड्रोजन बंध तुटतात, त्यामुळे प्रथिनाची तृतीयक रचना बदलते, सक्रिय स्थळ सब्स्ट्रेटला (एन्झाइम ज्या पदार्थावर क्रिया करते त्याला) पूरक राहत नाही आणि म्हणून दोहोंचा संयोग कमी प्रमाणात होतो, ही कारणांची साखळी नेमक्या संज्ञांसह मांडावी लागते. त्यातही प्रश्न अनेकदा मुलीने कधी न ऐकलेल्या एखाद्या जिवाणूविषयी, सोबत आलेख देऊन विचारलेला असतो. बहुपर्यायी प्रश्नांचा वाटा लहान असतो.

किमान 10 टक्के गुण गणिती कौशल्यांचे असतात. कॅल्क्युलस लागत नाही, मात्र प्रमाण विचलन, काय-वर्ग चाचणी (निरीक्षणे अपेक्षेशी जुळतात का हे तपासण्याची सांख्यिकी पद्धत) आणि लॉगरिदमिक मोजपट्टी यांची सवय हवी. पहिले काही आठवडे सहसा जैवरेणूंवर जात असल्याने रसायनशास्त्र सोबत असणे सोयीचे ठरते. वैद्यकीय शिक्षणाचा विचार असेल तर ते बहुतेक ठिकाणी आवश्यकच असते.

प्रयोगांची पद्धत आपल्याकडच्यापेक्षा वेगळी आहे. बिटाच्या पेशीपटलाची पारगम्यता, बटाट्यातील जलविभव (पाणी कोणत्या दिशेने जाईल हे ठरवणारी राशी), मुळांच्या टोकातील सूत्री विभाजन असे किमान 12 प्रयोग दोन वर्षांत होतात. त्यांचा निकाल प्रमाणपत्रावर स्वतंत्र नोंदवला जातो आणि अंतिम श्रेणीत धरला जात नाही, पण लेखी परीक्षेत किमान 15 टक्के गुण प्रयोगांवरील प्रश्नांचे असल्याने ते उरकून टाकून चालत नाही.

श्रेणी दोन वर्षांच्या शेवटच्या लेखी परीक्षेवर ठरते. एक्यूए मंडळाच्या प्रत्येकी दोन तासांच्या तीन प्रश्नपत्रिका असतात आणि तिसरीत 25 गुणांचा निबंध असतो, ज्यात एका सूत्राभोवती संपूर्ण अभ्यासक्रमातील उदाहरणे गुंफावी लागतात. इतर मंडळांची मांडणी निराळी असते, म्हणून शाळेकडून मंडळाचे नाव आताच विचारून घ्यावे. जुन्या प्रश्नपत्रिका गुणदान योजनांसह मंडळांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. सुट्टीत त्यांतील एन्झाइमवरचे प्रश्न सोडवून पाहण्यास तिला सांगावे.